प्रकल्प नोंदी: आरोग्य मंडळाच्या कल्याण सचिवपदाची उमेदवारी, बेळगाव

१ ऑगस्ट, शुक्रवार

विद्यार्थी आरोग्य मंडळाच्या निवडणुकीची सूचना आज दुपारी फलकावर लागली. मंडळात नर्सिंग, फिजिओथेरपी आणि सार्वजनिक आरोग्य अशा तिन्ही शाखांची मुलं-मुली आहेत. पदांच्या यादीत शेवटून दुसरं: सामाजिक व कल्याण सचिव. कामाचं वर्णन दोनच ओळींत दिलंय. 'स्नेहमेळावे, सण व सहलींचे आयोजन. विद्यार्थ्यांच्या कल्याणाकडे लक्ष देणे.' पहिली ओळ सगळ्यांना कळते. दुसरीचं काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी फ्रेशर्स झाले, संक्रांतीचा तिळगूळ झाला, आंबोलीची सहल झाली आणि १ ऑक्टोबरला ऐच्छिक रक्तदान दिनाचं शिबिर झालं. शिबिर चांगलंच झालं. पण नोंदणीच्या टेबलावर मी बसले होते आणि आमच्याच कितीतरी मुलींना परत जाताना पाहिलं. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं आणि वजन किमान ४५ किलो. कुणाचं हे कमी, कुणाचं ते. संध्याकाळी गोळा झालेल्या पिशव्यांचा आकडा जाहीर झाला, टाळ्या झाल्या. परत गेलेल्या मुलींचं पुढे काय झालं, त्यांना कुणी डॉक्टरकडे पाठवलं का, हे कुणी विचारलं नाही. कल्याणाचं काम माझ्या मते नेमकं तिथून सुरू व्हायला हवं होतं, टेबलावरून उठून परत गेलेल्या मुलीपासून.

अर्ज भरायचं ठरवलं. काही नियम विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींवरून घेतलेत: ७५ टक्के हजेरी, एकही विषय मागे राहिलेला नको, छापील पोस्टर बंद, हाताने लिहिलेली पोस्टरं ठरलेल्या भिंतीवरच. त्या समितीने उमेदवारामागे ५००० रुपयांची खर्चमर्यादा सुचवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये शिफारशी मान्य केल्या. आमच्या मंडळाने रक्कम आणखी खाली आणलीय. फार बरं केलं. पदासाठी उभं राहायला कुणाला घरी पैसे मागावे लागू नयेत.

४ ऑगस्ट, सोमवार

अर्ज दिला. सूचक माझी रूममेट, निपाणीची. अनुमोदक अथणीची, माझ्या एक वर्ष मागची, घरी कन्नड बोलणारी. सही करायच्या आधी रूममेटने अडवलं. "सही करतो गे, खरं तू आधी सांग, निवडून आलीस तर पहिल्या आठवड्यात काय करणार?"

प्रश्न रास्त होता. 'सगळ्यांसाठी काम करीन' हे उत्तर तिला चालणार नव्हतं आणि मलाही नको होतं. म्हणून ठरवलं, पोस्टर रंगवायच्या आधी खोल्याखोल्यांत जाऊन ऐकायचं. वही घेऊन जायचं, पण नावं लिहायची नाहीत.

समोर फिजिओचा एक मुलगा उभा आहे. मनमिळाऊ आहे, सामने छान भरवतो, सगळे त्याला ओळखतात. त्याच्याविरुद्ध काही बोलायचं नाही आणि कुणाला बोलू द्यायचं नाही, हे आम्ही तिघींनी आजच ठरवून टाकलं.

६ ऑगस्ट, बुधवार

वाचनालयात सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलैच्या निकालाची बातमी पुन्हा नीट वाचली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिलीत. माझ्या कामाची तीन टिपून घेतली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गांत आणि सगळ्यांच्या नजरेला पडेल अशा जागी मोठ्या अक्षरांत लावले पाहिजेत. आणि शिकवणाऱ्यांसकट सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं.

आमच्या वसतिगृहाच्या फलकावर आज काय आहे ते जाऊन पाहिलं. मेसचं वेळापत्रक, फीची सूचना, गिझरचे नियम. नंबर एकही नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. जवळच्या मुली घरी गेल्या, लांबच्या राहिल्या. त्यामुळे आज ज्या भेटल्या त्या नेमक्या मला भेटायला हव्या होत्या अशाच. सकाळपासून खोल्या फिरले. जे ऐकलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त वेळा आलेला विषय नाइट ड्यूटीचं जेवण. ड्यूटीची गाडी संध्याकाळी सव्वासातला सुटते आणि मेस पावणेआठला उघडते. म्हणजे रात्रीच्या पाळीतल्या मुली न जेवताच जातात. कुणी दुपारचा भात डब्यात ठेवते, तो पावसाळ्यातही रात्रीपर्यंत आंबतो. कुणी बिस्किटाचा पुडा नेते. पहाटे चारला वॉर्डात उभ्या उभ्या डोळ्यांसमोर अंधारी येते आणि इन्चार्ज सिस्टरना वाटतं, मुलगी कामचुकार आहे. अर्ध्या तासाचा फरक आहे. कुणाच्या वाईट मनामुळे घडलेलं हे नाही. मेसचं वेळापत्रक एकाने केलं, गाडीचं दुसऱ्याने, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून कुणी पाहिले नाहीत.

दुसरा विषय कागदपत्रांचा. आमच्यात खानापूर, हुक्केरी, चिकोडीच्या मुली आहेत तशा शिनोळीपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्याही आहेत, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या. घर इथून तासाभरावर, पण राज्य दुसरं. कर्नाटकातल्या मुलींची शिष्यवृत्ती इथल्या सरकारच्या एसएसपी पोर्टलवर, तिकडच्यांची धाव महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी पोर्टलकडे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, पण त्याला कर्नाटकचा रहिवासी पुरावा लागतो. एकाच बाकावरच्या दोन मैत्रिणी सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावरून, एकाच बसमध्ये चढतात, एक शून्याचं तिकीट घेते, दुसरी पैसे मोजते. हे नियम बदलणं मंडळाच्या हातात नाही. कुठला दाखला कुठून काढायचा, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधी संपते, अर्जाची तारीख कधी, एवढं वेळेवर सांगणारं माणूस देणं मात्र हातात आहे. एका मुलीची शिष्यवृत्ती गेल्या वर्षी केवळ तारीख न कळल्यामुळे गेली. तिने ते इतक्या सहज सांगितलं की मला पुढचा प्रश्न सुचेना.

केरळच्या मुलींच्या खोलीत संध्याकाळी गेले. सगळ्या सूचना त्यांना इंग्रजीत मिळतात, तो प्रश्न नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या कार्यक्रमांना आम्ही येतो, पण गप्पा मराठीत किंवा कन्नडमध्ये सुरू झाल्या की आम्ही कोपऱ्यात आपापसांत बसतो. एकजण वर्षभर एकाही सहलीला गेलेली नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. तापात दोन दिवस खोलीत पडून होती, तेव्हाही बाहेर कुणाला कळलं नव्हतं.

आज मला माझं म्हणणं सापडलं, असं वाटतं. या पदात सामाजिक आणि कल्याण हे शब्द जोडून आलेत. आम्ही आजवर ती दोन कामं मानली, एक आनंदाचं, एक अडचणीचं. पण कार्यक्रम ही कोण येतं आणि कोण येत नाही हे कळायची सगळ्यात चांगली जागा आहे. आलेल्यांचे फोटो निघतात. न आलेल्यांकडे दुसऱ्या दिवशी कुणीतरी जायला हवं.

१३ ऑगस्ट, बुधवार

जाहीरनामा लिहायला घेतला. अथणीची, रूममेट आणि मी रात्री अकरापर्यंत बसलो. सगळ्यात जास्त वाद एका मुद्द्यावर झाला: आपण 'समुपदेशन देऊ' असं लिहायचं का? मी नको म्हणाले आणि त्यावर ठाम राहिले. आम्ही विद्यार्थी आहोत. मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये थोडं शिकलो म्हणून कुणाच्या मनावर उपचार करायला लागलो, तर नुकसान होईल. आमचं काम तीन पायऱ्यांचं: विचारणं, ऐकून घेणं, योग्य माणसापर्यंत सोबत जाणं. सोबत जाणं हा शब्द मी मुद्दाम घातला. नंबर हातात देऊन मोकळं होणं पुरत नाही.

रूममेटने विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का असं कुणाला सरळ विचारलं तर उलट तिच्या डोक्यात नाही ते यायचं की!" ही भीती पुष्कळांना वाटते, म्हणून जाहीरनाम्यातही तिचं उत्तर घातलं. आस्थेने, सरळ शब्दांत विचारल्याने असा विचार नव्याने पेरला जात नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. विचारल्याने बोलायची वाट मोकळी होते. टाळल्याने ती मुलगी आणखी एकटी पडते.

गुप्ततेचा नियमही लिहिला. वहीत नाव नाही. तारीख, विषय आणि कुणाकडे पाठवलं एवढंच. जिवाला धोका असेल तर मात्र वॉर्डन मॅडमना किंवा समुपदेशकांना सांगायचं, आणि सांगणार आहोत हे आधी त्या मुलीलाच सांगायचं.

टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर सगळ्यात वर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिचं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र आपल्याच राज्यात, बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आहे. भाषा निवडता येते. कन्नड, मराठी, मल्याळम, तिन्ही आहेत. आमच्या वसतिगृहाला यापेक्षा सोयीचं काय असणार?

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबत नाही. खानापूरकडच्या मुली उशिरा पोहोचल्या. पोस्टरं व्हरांड्यात वाळत घातली होती, दोनांचा रंग उतरला, पुन्हा केली. मराठी आणि कन्नड अक्षरं एकाच उंचीची ठेवली, खाली इंग्रजी. कन्नड मजकूर अथणीच्या मैत्रिणीने स्वतः लिहिला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उपप्राचार्य सरांना भेटलो. समुपदेशकांविषयी विचारलं. सध्या बाहेरून एक मॅडम येतात, पण त्यांचा दिवस ठरलेला नाही आणि त्या बसतात कार्यालयाशेजारच्या खोलीत. तिथे जाणारी मुलगी फी भरायच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसते. मी म्हटलं, "सर, दिवस पक्का करता येईल का, आणि खोली दुसरी?" न्यायालयाच्या तत्त्वांची प्रत सोबत नेली होती. त्यांनी शांतपणे वाचली, ठेवून घेतली. "निवडणूक होऊ दे, मग बघू," म्हणाले. मी एवढंच सांगितलं की निवडून कुणीही आलं तरी ही मागणी राहील. रूममेट बाहेर आल्यावर म्हणाली, हे बरं बोललीस.

२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर

गणपतीला घरी, जांबोटीकडे. रस्ता खचलेला, एसटी सावकाश. अभ्यास आणला होता, तो थोडाच झाला.

घरात निवडणुकीचा विषय निघाला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "उभी राहा, खरं कुणाशी वाकडं घेऊ नको." आई गौरीच्या फराळात गुंतलेली. जेवण झालं की तिला लगेच चहा लागतो. मी या वेळी तो तासभर पुढे ढकलायला लावला. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, लिंबू-आवळ्याने मदत होते. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमी नाचण्याची आंबील पीत होतो, चहा होता कुणाकडं?"

गौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईही आल्या होत्या. लाल गोळ्यांचा विषय त्यांनीच काढला. २० ते ४९ वयाच्या बायकांना आठवड्याला एक लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह. वाटप होतं, पण घेतात किती हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक. मळमळतं, शौचास काळं होतं, मग डबा फळीवर जातो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आमच्या नर्सिंगच्या मुली याच बायकांमधून येतात, पांढरा कोट घातल्याने रक्त वाढत नाही.

तिथेच बसून शिबिराचा मुद्दा नीट मांडला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर बाईला रक्तक्षय म्हणतात, रक्तदानाला मात्र १२.५ लागतं. म्हणजे १२.२ असलेली मुलगी आजारी नाही, पण तिला कुणी हे समजावलं नाही तर ती घाबरून जाते. आणि ९ असलेली मुलगी 'यंदा नाही जमलं' म्हणून हसत परत जाते, जेव्हा तिला खरं तर डॉक्टरकडे जायला हवं. यंदाच्या शिबिरात नोंदणीच्या पलीकडे आणखी एक टेबल ठेवायचं, परत जाणाऱ्यांसाठी. तिथे तपासणीची चिठ्ठी मिळेल आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायची तारीखही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज ओणम आणि उद्या अनंत चतुर्दशी, असं यंदा लागूनच आलंय. केरळच्या मुलींनी मेसच्या मावशींच्या मदतीने सद्या, म्हणजे ओणमचं पानावरचं जेवण, केला. केळीची पानं गणपत गल्लीतून आणली. सगळ्या शाखांच्या मुली आल्या. अथणीची प्रत्येकीला "ऊट आयता?" विचारत वाढत होती आणि ते कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

पंगत उठल्यावर मी आणि रूममेट, दोघींनी मनातल्या मनात न आलेल्यांची यादी केली. गणपतीच्या आरतीलाही न दिसलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. पान वाढून तिच्या खोलीवर गेलो. तिच्याबद्दल इथे एवढंच लिहिते: घरी आजारपण होतं, तिला जायचं होतं, पण हजेरी कमी पडेल या भीतीने ती कुणाला विचारत नव्हती. रजा कुणाकडे मागायची हेच तिला माहीत नव्हतं. दुसरं काही विचारायच्या आधी ती जेवली. मग आम्ही तिच्यासोबत वर्गशिक्षिका मॅडमकडे गेलो. अर्ज लागलीच मंजूर झाला. रात्रीच्या गाडीने ती गेली.

हे प्रचारात सांगायचं नाही, असं दोघींनी ठरवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

उमेदवारांची भाषणं. योगायोगाने आज जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी मराठीत सुरुवात केली, मधला भाग कन्नडमध्ये, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, आणि शेवट इंग्रजीत. वचनं चारच दिली. मेस आणि ड्यूटीच्या गाडीचं वेळापत्रक जुळवणं. दर गुरुवारी संध्याकाळी एक तास ठरलेल्या खोलीत मंडळाचं कुणीतरी बसणं, कुणी आलं नाही तरी बसणं. समुपदेशक मॅडमचा पक्का दिवस आणि आडोशाची खोली मिळेपर्यंत पाठपुरावा. आणि रक्तदान शिबिरातलं दुसरं टेबल. सहल होईलच, तीही सगळ्यांना परवडेल अशी, कारण सहलीचे पैसे नसल्यामुळे घरी राहणारी मुलगीही मंडळाचीच आहे.

१४४१६ हा आकडा सगळ्या सभागृहाकडून एकदा मोठ्याने म्हणवून घेतला. मागच्या बाकांवरचे आधी लाजले, मग म्हणाले.

फिजिओच्या मुलाचं भाषण मनापासून झालं. सकाळच्या चालण्याच्या गटाची त्याची कल्पना मला आवडली. खाली उतरल्यावर त्याला तसं सांगितलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मतदान सकाळी, मोजणी दुपारी. निवडून आले. फरक फार नव्हता. फिजिओचा मुलगा हात मिळवायला आला तेव्हा मी लगेच विचारलं, चालण्याचा गट कल्याण समितीतून चालवशील का? तो हो म्हणाला. घरी फोन केला, आई म्हणाली, आता अभ्यास सोडू नको.

१५ सप्टेंबर, सोमवार

माजी सचिवांकडून कार्यभार घेतला. फाइलमध्ये सहलीची बिलं, बॅनरच्या पावत्या आणि फोटोंची यादी. कल्याण या नावाचा एकही कागद नाही, त्यामुळे नवी वही घातली. पहिल्या पानावर गुप्ततेचा नियम, सगळ्या समिती सदस्यांच्या सह्यांसकट.

वॉर्डन मॅडमच्या परवानगीने टेलि-मानसचा नंबर जिन्यात, मेसमध्ये आणि न्हाणीघराच्या दारांच्या आतल्या बाजूला लावला. आतल्या बाजूची सूचना मॅडमचीच, तिथे कुणी न बघता नंबर टिपून घेता येतो. मला हे सुचलं नसतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पहिला गुरुवार. खोली मिळाली, दोन खुर्च्या आणि एक जुनं टेबल. दोघी आल्या. एक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, एक नुसतीच बसायला. तासभर बसली, रेडिओलॉजीच्या नोट्स उतरवल्या आणि गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

मेसच्या मालकांशी आणि ड्यूटीच्या गाडीच्या चालककाकांशी एकत्र बोलणं झालं. गाडीची वेळ बदलता येत नाही, कारण वॉर्डात एका पाळीकडून दुसरीकडे काम सोपवणं आठलाच असतं. मेस लवकर उघडणंही जमणार नाही, स्वयंपाकाला दोनच मावशी आहेत. मधला मार्ग मावशींनीच काढला: रात्रीच्या पाळीच्या मुलींसाठी भाकरी किंवा चपाती, कोरडी भाजी आणि शेंगाचटणीचा डबा सातला तयार ठेवतील. भात नको, टिकत नाही. अट एकच, दुपारी चारच्या आत किती डबे ते कळायला हवं आणि डबे धुऊन परत यायला हवेत. १ ऑक्टोबरपासून सुरू करायचं ठरलं.

त्याच दिवशी रक्तदान शिबिर आहे. दुसऱ्या टेबलावर कोण बसणार, तपासणीच्या चिठ्ठ्या किती छापायच्या आणि डब्यांची यादी त्या दुपारी चारच्या आत मावशींकडे कोण पोहोचवणार, हे उद्याच्या बैठकीत.